काट्यावर

ट्रकचं दार उघडलं की कडेला
एक पिवळी-पांढरी पट्टी चिकटवलेली असते.
तिच्यावर लिहिलेलं असतं : माणसं आणि सामान मिळून
चौदाशे ऐंशी पौंड. त्याच्या वर नाही.
टोइवो ते ओठ हलवत वाचतो,
कागदाच्या गिरणीत नोटिसा वाचायचा तसा.

विकणारा पोरगा कोल्टन, कोवळ्या मिशीचा.
तो घोड्यांचं सांगतो.
चारशे घोडे, मॅडम. म्हणाल ते ओढेल.
मी म्हणते, ओढण्याचं कौतुक नको,
थांबेल का ते सांग.
सिल्व्हर बेच्या उतारावर पावसात
मागून पाच हजार पौंड ढोसत असताना
थांबेल का?
तो जरा वेळ टायरकडे बघतो.

टोइवोच्या मनात वेगळंच.
कॅम्परच्या मागे होडी जोडायची,
म्हणजे एकाच खेपेत तळ्यावर.
मी म्हणाले, मी आगगाडी चालवणार नाही.
त्यावर तो गप्प बसला.
मार्चपासून त्याच्या डाव्या डोळ्याला
रस्त्याची कड दिसत नाही,
आणि हे आम्ही दोघांनी अजून
पूर्ण वाक्यात म्हटलेलं नाही.

शनिवारी कॅम्पर खडीच्या खाणीत नेला, काट्यावर.
जुना ट्रक कण्हत होता. रस्त्यावरच्या मिठानं
त्याचा सांगाडा बिस्किटासारखा झालाय.
कंपनीच्या कागदावर कॅम्पर त्रेचाळीसशे.
काट्यावर पाच हजार चारशे साठ.
टोइवो आकड्याकडे असा बघत राहिला,
जणू कुणी चहाडी केली होती.

मग अंगणात सगळं बाहेर काढलं.
तीन बिडाचे तवे. साखळ्या.
फासे हरवलेला खेळ.
न्हाणीघरात उभं केलेलं त्याच्या भावाचं इंजिन,
भाऊ गेला त्याच्या आधीपासून बंद.
बावीस उन्हाळे.
आत नेताना एकेक वस्तू हलकीच होती.

आणि पलंगाखाली, मागे सारलेले,
कॉफीचे चौदा डबे.
प्रत्येकावर चिकटपट्टी, पेन्सिलीनं साल,
किनाऱ्याचं नाव, कधी चुकलेलं.
सुपीरियरचे दगड. तांबडे, पट्ट्यापट्ट्यांचे,
काही नुसतेच दगड, पण त्याला आवडलेले.
आर्ने आता फीनिक्सला असतो.
रविवारी फोन करतो. तिकडचं ऊन सांगतो,
मी इकडचा बर्फ सांगते.

घरातल्या वजनकाट्यावर दोन-दोन डबे ठेवले.
दोनशे बारा पौंड.
टोइवोनं पाकिटाच्या मागे हिशेब मांडला :
आकड्यावर येणारा भार, मी, तो, कुत्री,
बर्फाची पेटी, ओलं लाकूड.
दगड काढले तर चकाकणारा ट्रक पुरतो,
पुरतो म्हणजे अगदी काठोकाठ.
दगड ठेवले तर नाही.
त्यानं पेन्सिल कानावर ठेवली
आणि डबे एकेक करून
पुन्हा पलंगाखाली सरकवले,
ज्या क्रमानं होते त्याच क्रमानं.

मंगळवारी आम्ही मोठा घेतला.
पाऊण टनी, जुना, दीड लाख मैल झालेला,
रंग पालकाच्या भाजीचा.
पेट्रोल पितो. चढायला मला
दुधाचा रिकामा क्रेट लागतो.
कोल्टननं सह्या घेता घेता विचारलं,
एवढं काय वाहून नेता तुम्ही?
दगड, टोइवो म्हणाला.
पोरगा हसला. त्याला वाटलं,
म्हाताऱ्याची गंमत.

कॅम्पर शुक्रवारी. होडी दुसऱ्या खेपेला.
धक्क्यावर मी मागे घेते :
हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा,
मग हात जाईल तिकडे होडी जाते.
हे त्यानंच शिकवलं, माझ्यावर ओरडत, कधीकाळी.
आता तो ओरडत नाही.
गुडघाभर पाण्यात उभा राहून
तो जमेल तेवढं बघतो आणि हात करतो.
ये. ये. अजून.
आरशात मला त्याचा हातच तेवढा दिसतो.